उत्तर: बार्गेन्यो अरबी की युरोपियन?

तुम्ही विचारलंय की माद्रिदच्या दुकानात बघितलेली ती बाहेरून साधी आणि आत सोनेरी ड्रॉवरवाली पेटी अरबी म्हणायची की युरोपियन, आणि आपल्या गोव्यातल्या जुन्या घरांत असतं तेच हे का.

त्या पेटीला बार्गेन्यो म्हणतात आणि ती दोन्ही आहे. 1492 ला ग्रानादा, म्हणजे स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य, पडलं, सुलतान गेले, पण सुतार, गवंडी, टाइल्स करणारे तेच राहिले ना, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती राजे त्यांच्याकडूनच कामं करून घेत होते. सेव्हिलच्या आल्काझारमध्ये, म्हणजे तिथल्या राजवाड्यात, पेद्रो या ख्रिस्ती राजाने 1360 च्या दशकात महाल बांधला, त्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या टाइल्समध्ये ग्रानादाच्या सुलतानांचं ब्रीद आहे, अरबीत, 'अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही'. ख्रिस्ती राजाच्या दारावर! या मिश्र शैलीला मुदेखार म्हणतात आणि माझ्या मते स्पेनची खरी ओळख हीच, बाकी रेनेसाँस, बरोक या शैली युरोपात सगळीकडे सापडतात.

मुदेखार छतं तर मान दुखेपर्यंत बघा. लाकडी पट्ट्या एकमेकींत अडकवून चांदण्यांची नक्षी केलेली असते. धर्म बदललेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही 1609 ते 1614 मध्ये देशाबाहेर काढलं, तरी 1633 साली सेव्हिलच्या एका सुताराने हीच छतं कशी करायची ते पुस्तकात छापलं. म्हणजे माणसं हाकलली तरी विद्या तिथल्या हातांत राहिली होती, मला हे वाचलं तेव्हा फार भिडलं.

आता पेटी. बहुतेक अक्रोडाचं लाकूड, दोन बाजूंना लोखंडी कड्या कारण मालक फिरतीवर निघाला की पेटी बरोबर जायची, पुढे जाळीदार कोरलेले पत्रे आणि त्यांच्या मागे लाल मखमल. पुढचं झाकण खाली पडतं, पण आधी पेटीखालच्या स्टँडमधले दोन दांडे ओढायचे, त्यांच्या टोकाला बऱ्याचदा शिंपला कोरलेला असतो, झाकण त्यांच्यावर टेकलं की झालं लिहायचं टेबल. आत बघाल तर छोटे खांब, कमानी, सोन्याचा मुलामा, एखादं ड्रॉवर म्हणजे अख्ख्या इमारतीचं दर्शनी तोंडच. हाडाचे तुकडे बसवून केलेली भौमितिक नक्षी मुदेखार हाताची, आणि खांब-कमानी इटलीकडून आलेल्या. एकाच ड्रॉवरवर दोन्ही असतात म्हणून म्हटलं, वेगळं काढू नका.

पेटीचा बाहेरचा कोरडेपणा मात्र सोळाव्या शतकातल्या स्पेनला साजेसाच वाटतो मला. राजा फिलिप दुसऱ्याचा एस्कोरियल हा राजवाडा-मठ (1563 ते 1584) बघा, नुसता करडा ग्रॅनाइट, नक्षी जवळजवळ नाहीच.

अजून एक, त्या काळच्या श्रीमंत घरात खुर्च्या कमी दिसल्या तर नवल नको. बायका एस्त्रादोवर बसायच्या, म्हणजे जरा उंच केलेल्या चौथऱ्यावर गालिचा आणि उशा, अगदी आपल्या बैठकीसारखं. ही सवयही आधीच्या मुसलमानी घरांतूनच आलेली आणि सतराव्या शतकात तर घरोघरी होती. चामड्याची, पितळी खिळ्यांची ती भक्कम हातांची खुर्ची मुख्यतः पुरुषांसाठी.

गोव्याचं वेगळं आहे, ते पोर्तुगीज. तिथल्या कपाटांत सागवान, शिसवी, हस्तिदंत, पुढे झाकण नसल्याने ड्रॉवर बाहेरूनच दिसतात, काहींचे पाय तर नागकन्यांचे असतात. 1580 ते 1640 स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता, तरी त्या कपाटांची कारागिरी आपल्या इथलीच.

घ्यायचा विचार असेल तर जपून. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला नकला ढिगाने झाल्या. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून कोपऱ्याचे सांधे बघा, सगळे खाचे अगदी एकसारखे असतील तर मशीनचं काम समजा. आणि खरंच शंभर वर्षांपेक्षा जुनी निघाली तर स्पेनबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो, 1985 च्या कायद्यात तसं आहे, तो दुकानदार काढणार की तुम्ही हे पैसे द्यायच्या आधी लेखी घ्या.