झारशी जुळवून घेणारे 'जुने फिन' गद्दार होते का?

प्रश्न : फिनलंड १८०९ पासून रशियाच्या झारकडे होता, मग तिथल्या राष्ट्रवाद्यांचे 'जुने फिन' आणि 'तरुण फिन' असे दोन पक्ष कसे काय झाले? आणि झारपुढे नमतं घेणारे जुने फिन गद्दारच ना?

उत्तर : गद्दार नका म्हणू हो, ते अन्यायाचं होईल. या लोकांचं पहिलं भांडण रशियाशी नव्हतंच, स्वीडिश भाषेशी होतं. स्वीडनचं राज्य जाऊन झारचं आलं तरी कोर्टकचेऱ्या स्वीडिशमधेच चालायच्या आणि बहुसंख्य जनता फिनिश बोलणारी, म्हणजे शेतकऱ्याला स्वतःच्याच केसचा निकाल कळायचा नाही. १८६३ ला फिनिशला वीस वर्षांत बरोबरीचा दर्जा द्यायचा हुकूम काढला तो झार दुसऱ्या अलेक्झांडरनेच. जुन्यांचे पुढारी यिर्यो-कोस्किनेन, जन्माचं आडनाव फोर्समन, स्वीडिश 'फोर्स' काय आणि फिनिश 'कोस्की' काय अर्थ एकच, नदीचा खळाळता प्रवाह, म्हणजे आडनावाचंही भाषांतर केलं इतकं भाषेचं प्रेम!

तरुणांशी मतभेद आधीपासून होतेच, पण खरी कसोटी १८९९ च्या फेब्रुवारीत लागली. दुसऱ्या निकोलसने जाहीरनामा काढून फिनलंडचे कायदे करायचा हक्क स्वतःकडे ओढला, तेव्हा भर थंडीत लोक स्कीवरून गावोगाव फिरले, जाहीरनाम्याविरुद्धच्या अर्जावर दोन आठवड्यांच्या आत पाच लाखांवर सह्या गोळा केल्या, पाचशे माणसं त्या घेऊन पीटर्सबर्गला गेली आणि झारने त्यांना भेटसुद्धा दिली नाही. वाचताना आजही वाईट वाटतं.

मग तरुण फिन म्हणाले, बेकायदा हुकूम पाळायचाच नाही, आणि त्यासाठी ते चक्क भाषेच्या भांडणातल्या विरोधकांबरोबर, म्हणजे फिनलंडमधल्या स्वीडिश भाषिकांच्या पक्षाबरोबर उभे राहिले. जुने म्हणाले, आपण खुर्च्या सोडल्या तर तिथे रशियन येऊन बसतील, थोडं वाकू पण देश वाचवू. माझ्या मते त्यांचा हिशोब चुकला, कारण इतकं वाकूनही १९०३ ला झारचा फिनलंडमधला प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्हच्या हातात हुकूमशहाचे अधिकार आलेच आणि विरोधकांना देशाबाहेर घालवणं सुरू झालं. पण हिशोब चुकणं वेगळं आणि देश विकणं वेगळं.

बायकांनाही मत असलेली पहिली निवडणूक १९०७ ला झाली, त्यात २०० पैकी ८० जागा समाजवादी सोशल डेमोक्रॅट्सना गेल्या, पण जुन्या फिनना ५९ आणि तरुणांना २६ मिळाल्या. जुन्यांना गद्दार मानलं असतं तर लोकांनी तरुणांच्या दुपटीहून जास्त जागा दिल्या असत्या का?