1911 च्या आयएफए शील्ड या फुटबॉल स्पर्धेच्या फायनलमध्ये मोहन बागान क्लबचे सगळेच खेळाडू अनवाणी होते का?

सगळे नाही, दहा जण. डावा बॅक सुधीर चॅटर्जी बूट घालून खेळला. 29 जुलै 1911 ला कलकत्त्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश लष्करी संघाविरुद्ध हा सामना झाला. जॅक्सनच्या गोलमुळे आधी मागे पडलेल्या बागानने तो 2-1 असा जिंकला: बरोबरी कर्णधार शिवदास भादुरीची, निर्णायक गोल अभिलाष घोषचा. अनवाणी खेळण्यामागे हौस नव्हती. बूट महाग, शिवाय सवय उघड्या पायाची. कोरड्या मैदानावर चेंडू पायाशी छान राहतो, चपळाईही मिळते. पण चिखल झाला की पाय घसरतो आणि बुटांखाली तुडवला जातो तो वेगळाच. कलकत्त्याच्या जुलैमध्ये ही जोखीम लहान नव्हे.

एक मात्र लक्षात घ्या: गोऱ्या संघाला हरवणारा हा पहिला भारतीय संघ नव्हे, जरी सगळीकडे तसंच लिहितात. शोभाबाजार क्लबने 1892 मध्येच ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटला हरवलं होतं. बागान पहिला ठरतो तो आयएफए शील्ड जिंकणारा भारतीय संघ म्हणून.