दोघांची टर्की: अख्खी आणू नका, आणि पहिल्या दिवशी मसाला लावू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतला पहिलाच थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरातल्या गुरुवारी येणारा, टर्की हा मोठा पक्षी भाजून खायचा सण), घरात दोघंच, अपार्टमेंटचा लहान ओव्हन, आणि दुकानात बारा-बारा पौंडांच्या गोठलेल्या टर्क्या रचून ठेवल्यात. त्यातली एक उचलायची का, उरलेल्या मांसाचं काय करायचं, आणि घरात एक जण मार्गशीर्षातले गुरुवार करते, तर ते कसं जमवायचं? मी बरीच वर्षं हे जेवण दोघांपुरतंच करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अख्खी टर्की घेऊ नका. सहज मिळणारी लहानातली लहान टर्कीसुद्धा साधारण दहा पौंडांच्या आसपास असते, आणि हाडासकट माणशी एक पौंड असा इथला हिशेब आहे. शिवाय गोठलेली टर्की फ्रिजमध्ये वितळायला दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे दोन-तीन दिवस तुमच्या फ्रिजचा एक कप्पा तिचाच.

त्याहून मोठी अडचण शिजवण्यात आहे. छातीचं पांढरं मांस १६५ अंश फॅरनहाइटला तयार होतं आणि त्यापुढे गेलं की भराभर कोरडं पडतं. मांडीचं काळसर मांस १६५ ला खायला सुरक्षित असतं, पण चिवट लागतं. ते १७५-१८० पर्यंत नेलं की मगच मऊ होतं. अख्ख्या पक्ष्यात ही दोन्ही गणितं एकाच वेळी जमवावी लागतात आणि बहुतेक घरांत छातीचा बळी जातो. दोघांसाठी रांधताना मात्र छाती वेगळी, मांडी वेगळी घेता येते. ज्याचं होईल ते बाहेर काढायचं. वीस माणसांच्या घराला ही चैन परवडत नाही, तुम्हाला परवडते.

तेव्हा हाडासकट अर्धी छाती घ्या, अडीच-तीन पौंडांची, आणि सोबत हाडासकट एक-दोन मांड्या. अर्धी छाती मांडलेली दिसली नाही तर मांसाच्या काउंटरवर विचारा, बऱ्याच दुकानांत अख्खी छाती मधोमध कापून देतात. मांड्या स्वस्त असतात आणि दुसऱ्या दिवशीच्या रश्श्याला त्यांच्यासारखं मांस नाही. ताटात अख्खा पक्षीच दिसायला हवा असेल तर कॉर्निश हेन आणा. ती लहान कोंबडीच असते, माणशी एक पुरते. पण मग टर्कीची चव विसरा.

पाकिटावरचं बारीक अक्षर नक्की वाचा. गोठलेल्या टर्कीत बऱ्याचदा मिठाचं पाणी आधीच टोचलेलं असतं, आणि ते किती टक्के हे पाकिटावर छापलेलं असतं. तशी असेल किंवा कोशर (ज्यू पद्धतीनं मीठ लावून तयार केलेली) असेल, तर वरून मीठ लावू नका. नसेल तर जेवणाच्या एक-दोन दिवस आधी पौंडाला अर्धा चमचा जाडं मीठ, थोडं कातडीखाली आणि बाकी वरून चोळा आणि ताटलीत उघडीच फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. मीठ आत मुरतं, कातडी सुकते आणि ओव्हनमध्ये छान कुरकुरीत होते.

आणि धुऊ नका. आपल्याकडे हळद-मीठ लावून दोन-तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय कोंबडी पातेल्यात पडत नाही, त्यामुळे हे जिवावर येतं, मला कळतं. पण धुताना उडणारे थेंब सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर जंतू पसरवतात, आणि मांसावरचे जंतू मरतात ते फक्त शिजवल्यावर. कागदी टॉवेलनं नीट टिपून घ्या आणि नंतर हात साबणानं धुवा.

आता मसाल्याचं. तुम्ही लिहिलंय की आलं-लसूण, तिखट, गरम मसाला लावून तंदुरीसारखी करायचा विचार आहे. माझा आग्रह आहे की पहिल्या दिवशी तसं करू नका. मऊ लोणी, काळी मिरी, ताजी सेज आणि थाइमची पानं एवढंच कातडीखाली आणि वर लावा. एक तर टर्कीला स्वतःची चव आहे, ती एकदा तरी तशीच खाऊन बघा. दुसरं म्हणजे साधी भाजलेली टर्की पुढचे तीन दिवस हवं ते रूप घेते. सँडविच होतं, पुलाव होतो, पांढरा रस्सा होतो. तंदुरी केलेली टर्की शेवटच्या घासापर्यंत तंदुरीच राहते आणि शनिवारपर्यंत नकोशी होते.

ट्रेमध्ये कांदा, गाजर, सेलरीचे जाड तुकडे पसरा, कपभर पाणी घाला, वर टर्की ठेवा. ओव्हन ३५० वर. अर्ध्या छातीला साधारण सव्वा तास लागतो, मांड्यांनाही जवळपास तितकाच, पण घड्याळावर विसंबू नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर आणा, या जेवणासाठी एकच वस्तू विकत घ्यायची तर ती ही. टोक मांसाच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा चुकीचा दिसतो. छाती १६० ला बाहेर काढली तरी चालते, फॉइलनं सैल झाकून वीस मिनिटं ठेवली की आतली उष्णता तिला पुढे नेते. मात्र थर्मामीटर पुन्हा खुपसून १६५ दिसल्याशिवाय कापायची नाही. कापताना छातीचा मांसल भाग हाडावरून अखंड सोडवून घ्या आणि मग रेषांना आडव्या अशा चकत्या करा. हाडावर असतानाच कापलेल्या लांब, दोरेदार पट्ट्यांपेक्षा या चकत्या कितीतरी मऊ लागतात.

ट्रेच्या तळाशी जे तपकिरी चिकटलेलं असतं ते टाकू नका, सगळी ग्रेव्ही तिथे आहे. भाज्या बाजूला काढा, थोडं गरम पाणी घालून लाकडी उलथन्यानं खरवडून घ्या. वर तरंगणारी चरबी दोन मोठे चमचे कढईत, त्यात तितकाच मैदा. लाडवाला बेसन भाजतो तसा मंद आचेवर, कच्चा वास जाऊन गव्हाळ रंग येईपर्यंत भाजा. मग खरवडलेलं पाणी आणि चिकनचा स्टॉक मिळून सव्वा कप, थोडं थोडं ओतत ढवळायचं. मीठ शेवटी, चाखून.

बाकीच्या पदार्थांत फार वेळ घालवू नका. तीन बटाट्यांचं मॅश पुरे, स्टफिंग (पावाच्या तुकड्यांचं सारण) डब्यातलं चालेल, गोडाचा पाय (pie) विकत आणा. क्रॅनबेरी सॉस मात्र घरीच करा. बारा औंसांच्या पाकिटाला एक कप साखर आणि एक कप पाणी, फळं तडतडून फुटेपर्यंत दहा मिनिटं उकळलं की झालं. गार झाल्यावर तो आपोआप दाटतो. दोघांना अर्धं पाकीट पुरतं. उरलेल्या अर्ध्याचं लोणचं घाला: क्रॅनबेरीचे दोन-दोन तुकडे, मीठ, तिखट, थोडा गूळ, वर मोहरी-हिंग-हळदीची गार केलेली फोडणी. इथल्या मराठी घरांत हे लोणचं मुरलेलं आहे. कैरी सहज न मिळणाऱ्या देशात असं आंबट फळ हाताशी असणं ही मोठी सोय आहे. ताज्या क्रॅनबेरी याच दिवसांत मिळतात, म्हणून एक जादा पाकीट तसंच फ्रीझरमध्ये टाका.

जेवण झाल्यावर लगेच आडवे होऊ नका. शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. सगळं हाडावरून सोडवा, पांढरं एका उथळ डब्यात, काळं दुसऱ्यात. पांढऱ्यावर दोन-तीन चमचे ग्रेव्ही किंवा स्टॉक ओता, म्हणजे सुकत नाही. हाडं आणि कातडीचे तुकडे थेट कुकरमध्ये: अर्धा कांदा, मिरी, तमालपत्र, बुडेल इतकं पाणी, आणि शिटी झाल्यावर मंद आचेवर पाऊण तास. गाळून, लहान डब्यांत ओतून गार करा. सकाळी डबा उघडाल तर वर चरबीचा पांढरा थर असेल आणि खाली सोनेरी, थरथरणारा गोळा. इतका दाट स्टॉक बाजारच्या खोक्यात मिळत नाही.

या स्टॉकचा मी तरी पांढरा रस्साच करते. कोल्हापूरला तो मटणाच्या पाण्यावर होतो, पण टर्कीच्या हाडांचं पाणी त्याला छान साजतं. आठ-दहा काजू, मोठा चमचा खसखस आणि चमचाभर पांढरे तीळ अर्धा तास गरम पाण्यात भिजवून अगदी गंधासारखे वाटा. तुपात लवंग, दालचिनी, वेलची, मिरी आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची टाका, आलं-लसूण परता, मग हे वाटण घाला. रंग बदलू द्यायचा नाही. तीन कप स्टॉक घालून उकळी आणा, आच कमी करा आणि मगच अर्धा कप दाट नारळाचं दूध घाला. त्यानंतर खळखळून उकळलं तर ते फुटतं. मांडीचं सोडवलेलं मांस अगदी शेवटी, नीट वाफाळतं गरम होण्यापुरतं.

उरलेल्या मांसाची सगळी युक्ती त्या ‘शेवटी’मध्ये आहे. ते एकदा शिजलेलं आहे. कच्च्या कोंबडीसारखं मसाल्यात अर्धा तास रटरटवलं की छातीचा भुसा होतो. सुकं करायचं असेल तर कांदा, खोबरं, कांदा-लसूण मसाला तेल सुटेपर्यंत पूर्ण परतून घ्या आणि बारीक तोडलेलं मांस थोडा स्टॉक शिंपडून शेवटच्या दोन-तीन मिनिटांत घाला. पुलावाचा भात स्टॉकमध्ये शिजवा आणि मांस दमाच्या वेळी थरात घाला. उरलेल्या मॅशचे पॅटिस होतात. त्यात लोणी-दूध असल्यानं सारण सैल पडतं, तिथे उरलेलं स्टफिंग कुस्करून घातलं की ते बांधून येतं. हिरवी मिरची, कोथिंबीर, बारीक चिरलेली टर्की, वरून रवा लावून तव्यावर खरपूस भाजा. सोबत तेच क्रॅनबेरीचं लोणचं.

फ्रिजमधलं मांस तीन-चार दिवसांत संपवायचं. तेवढं होणार नाही असं दिसलं तर दुसऱ्याच दिवशी एका वेळेपुरते भाग करून, स्टॉकमध्ये बुडवून फ्रीझ करा. चौथ्या दिवशी वास घेऊन ठरवत बसू नका.

राहिला गुरुवार. १८६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकननं थँक्सगिव्हिंगसाठी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला आणि १९४१ च्या कायद्यानं चौथा गुरुवार पक्का झाला, त्यामुळे वार काही बदलायचा नाही. काही वर्षी तोवर मार्गशीर्ष लागलेला नसतो, काही वर्षी लागतो. २०२५ मध्ये तर २७ नोव्हेंबरचा थँक्सगिव्हिंग म्हणजे मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार होता. अशा वर्षी जेवण सरळ शनिवारी करा. सुट्टी बहुतेकांना शुक्रवारचीही असते, दुकानं उघडी असतात, आणि घाई नसते. गोठलेली छाती बुधवारी रात्री बंद पाकिटासकट खोल ताटलीत फ्रिजमध्ये उतरवून ठेवा. गुरुवारी घट मांडायचा, पूजा, कहाणी, गोडाचा नैवेद्य सगळं नीट होऊ दे, कच्च्या मांसाला हात लावायची वेळच येत नाही. शुक्रवारी सकाळी पाकीट उघडा, टिपा आणि मीठ लावा. शनिवारी दुपारपर्यंत ती ओव्हनसाठी तयार असते.