नवा हॅमॉक नको, आधी बांधणं सुधार

नऊ फुटी पॅराशूट कापडाचा हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधून झोपायची झोळी, घेतलास, भंडारदऱ्याला डिसेंबरात झोपलास, पाठ धरली आणि पहाटे खालून गारठलास, तर आता महागातला घेऊ का असं विचारतोयस. माझं स्पष्ट मत, एवढ्यात नको.

पाठ बहुतेक वेळा धरते ती गच्च ताणून बांधल्यामुळे. सपाट झोपता येईल म्हणून सगळे ओढून बांधतात आणि कापड उलट खांदेच आवळतं. झाडाला बांधायचे पट्टे जमिनीशी साधारण 30 अंशात हवेत, म्हणजे चांगला झोळ पडतो, मग त्यात तिरकं झोपायचं, डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला आणि पाय दुसऱ्या, पाठ जवळजवळ सरळ होते. शिवाय ताणाचं गणित बघ, 70 किलोच्या माणसाचा 30 अंशावर एकेका पट्ट्यावर 70 किलो ताण येतो, 15 अंशावर तोच 135 च्या घरात जातो, मग गाठी सरकणारच ना.

पहिला खर्च पट्ट्यांवर कर. निदान इंचभर रुंद आणि पॉलिस्टरचे घे, नायलॉन रात्रीत ताणतं आणि सकाळी बूड जमिनीला टेकतं. बारीक दोरी तर नकोच, झाडाची साल कापली जाते, आणि एका रात्रीच्या झोपेसाठी झाडाला जखम करायचा आपल्याला काहीएक हक्क नाही.

थंडीचं म्हणशील तर स्लीपिंग बॅग अंगाखाली दबली की तिच्यातली हवा जाते, खालून वारा लागतो, ऊब संपली. आत्ता साधी फोम मॅट आत टाक, सरकते पण काम भागतं. पुढे पैसे जमले की अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकखाली टांगायची रजई, घे, ती बाहेरून खाली लटकते म्हणून दबत नाही, माझ्या मते यातली सगळ्यात मोलाची खरेदी हीच.

पावसाळ्याआधी टार्प, म्हणजे वर ताणायचं ताडपत्रीसारखं कापड, लागेल, आणि टार्पखालीच दोन्ही पट्ट्यांना एकेक सुतळी लोंबती बांध, झाडावरून पट्ट्याने वाहत येणारं पाणी तिथेच गळून जातं. अकरा फुटी हॅमॉक शेवटी घे, उंच असशील तर तो फरक मात्र खरंच जाणवतो.

बाकी गडमाथ्यावर धड झाडं नसतात, तिथे तंबूच न्यायचा. सुकलेल्या फांदीखाली कधीच बांधू नकोस. देवराईत झाडाला हात लावू नकोस, गावात विचारून जागा घे, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगडसारख्या अभयारण्यात मुक्कामाचं आधी वनखात्याला विचार.