कोल्हापुरात ऑफिस आणि घर, दोन्हीकडे चालेल असा घडीचा चाकू कोणता घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: शाहूपुरीत ऑफिस, कुरिअरची खोकी फोडायची असतात, दुपारी डब्यासोबतचं फळ कापायचं असतं, घरीही बारीकसारीक कामं निघतात. बजेट तीन हजारांपर्यंत. लॉकवाला घ्यावा की साधा, स्टील कुठलं बघावं, आणि खिशात ठेवला तर पोलीस अडवतील का?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा, मिटल्यावर ९१ मिलिमीटर भरणारा स्पार्टन घ्या. कात्री लागत असेल तर त्याचाच मोठा भाऊ क्लायम्बर. स्विस नावाला भुलून सांगत नाही, त्यात एक मोठं आणि एक छोटं अशी दोन पाती आहेत म्हणून सांगतोय. ऑफिस आणि घर अशी दोन्हीकडची सोय बघायची तर दुसरं पातं पाहिजेच.

त्याचं असं आहे. पुठ्ठा दिसायला मऊ, पण धारेचा मोठा वैरी. खोक्यांचा पुठ्ठा बहुतेक रद्दीपासून बनतो, त्यात बारीक कच आणि खनिज भुकटी असते, आणि ती धार घासून काढते. वर पॅकिंग टेपचा चिकटा पात्याला बसतो, त्यावर धूळ बसते. तेच पातं पुसून दुपारी पेरूला लावायचं कुणालाच आवडत नाही, पण पातं एकच असलं की शेवटी तेच होतं. म्हणून माझा नियम साधा: छोटं पातं खोक्यांना, दोऱ्यांना, पाकिटांना. मोठं पातं फक्त खायच्या वस्तूंना. छोट्याची धार महिनाभर बोथट असली तरी टेप फाटते. मोठं मात्र कायम असं राहतं की पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापावी. टेपचा चिकटा काढायला खोबरेल तेलाचा थेंब किंवा सॅनिटायझर पुरतो.

ऑफिसात रोज पंधरा-वीस खोकी येत असतील तर मात्र चाकूच्या भानगडीत पडू नका. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो टोक मोडायचा कटर आणा. जपानच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली ही युक्ती काढली, आणि पुठ्ठ्यासाठी याहून शहाणपणाची वस्तू अजून माझ्या पाहण्यात नाही. धार गेली की तुकडा मोडून टाका, विषय संपला. तुकडा कचऱ्यात टाकताना कागदात नीट गुंडाळा, सफाईवाल्या मावशींचा हात असतो तिथे.

आता लॉकचं, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू नये म्हणून असलेल्या अडकणीचं. नेटवर वाचाल तर लॉक नसलेला चाकू म्हणजे जणू बोट गेलंच असं वाटेल. पण खोकं फोडायला आणि सफरचंद कापायला जोर धारेच्या बाजूने लागतो, त्यामुळे पातं उघडंच राहतं. स्प्रिंगवरचा साधा चाकू बोटांवर मिटतो तो टोक कशात तरी खुपसून ढकललं की. ते करू नका. भोक पाडायचं असेल तर स्पार्टनच्या पाठीला वेगळी टोचणी दिलेली आहे, आणि तीही जपूनच वापरायची. लॉक असलेले चाकू वाईट नाहीत, शेतावर किंवा पन्हाळ्याच्या रानात फिरताना मी लॉकवालाच घेतो. पण ऑफिसात त्यांची एक अडचण आहे: एका हाताने खाडकन उघडणारं काळं पातं निघालं की शेजारच्या टेबलावरच्या मॅडम खुर्ची मागे सरकवतात. दोन दिवसांत एचआरकडून निरोप येतो. लाल मुठीचा, दोन्ही हातांनी नखाच्या खाचेत बोट घालून उघडायचा चाकू काढला तर तेच लोक म्हणतात, "अरे, जरा दे की इकडे." खटक्याचा, म्हणजे बटण दाबून उघडणारा चाकू तर कुठल्याही कारणाने घेऊ नका. त्याचा खोक्याशी काही संबंध नसतो, हे पोलिसांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

स्टीलवर तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय. माझा धंदा उद्यमनगरातल्या मशीन शॉपचा, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो. डी२, ८सीआर१३, ४४० ही नावं म्हणजे नुसती पोलादाची कुळी. पातं कसं निघेल ते त्याला पाणी कसं दिलंय त्यावर ठरतं, आणि ते डब्यावर छापलेलं नसतं. एकाच पोलादाची दोन पाती, एक नीट तापवून, थंड करून, पुन्हा हलकं तापवून घेतलेलं आणि दुसरं घाईत उरकलेलं, यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं रॉकवेल मापात (पोलादाचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तेवढं कडक) ५६ च्या आसपास ठेवतात. हौशी मंडळी याला मऊ म्हणून नाकं मुरडतात. मला ते तुमच्यासाठी गुणच वाटतो: धार लवकर उतरते हे खरं, पण पाच मिनिटांत घरच्या घरी परतही येते, आणि चुकून स्टेपलच्या पिनेवर आपटलं तर कपचा उडण्याऐवजी धार थोडी वळते. साठच्या वरचं कडक पातं घेऊन त्याला धार लावायचा कंटाळा करणारे लोक मी खूप पाहिलेत. शेवटी त्यांच्या खिशात महागडं बोथट पातं असतं.

डी२ बद्दल एक सांगायलाच हवं. त्यात क्रोमियम साधारण बारा टक्के, त्यातलं बरंचसं कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बनशी जुळून झालेल्या कडक कणांत, अडकलेलं, म्हणून ते पुरतं स्टेनलेस नाही. आपल्याकडे जूनपासून पंचगंगा फुगेपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते. तशा हवेत डी२ चं पातं न पुसता ठेवलं तर तांबूस ठिपके धरतं.

पोलादापेक्षा जाडी बघा. ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. साडेतीन-चार मिलिमीटर पाठ असलेला "टॅक्टिकल" चाकू सफरचंदात घातला की ते कापलं जात नाही, पाचरीने फोडल्यासारखं तडकतं. फळाला पातळ पातं लागतं. स्पार्टनचं मोठं पातं पाठीला दोन-अडीच मिलिमीटर आणि धारेकडे छान निमुळतं होत गेलेलं.

पातळपणात बाजी मारतो तो फ्रान्सचा ओपिनेल. १८९० पासून सव्हॉय भागात बनतोय, लाकडी मूठ, आणि १९५५ पासून गळ्याशी फिरवायचं कडं, तेच त्याचं लॉक. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. घरी फळं, चीज, ब्रेड कापायला इतका सुरेख चाकू या पैशात नाही. तरी ऑफिससाठी मी तो दुसऱ्या नंबरवर ठेवतो, कारण पातं एकच, आणि पावसाळ्यात लाकूड फुगून ते आत अडकतं. (मुठीचं टोक टेबलावर ठोकलं की पातं थोडं बाहेर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. सव्हॉयचे लोकही हेच करतात.) घेतलात तर इनॉक्स लिहिलेला स्टेनलेस घ्या. कार्बनचं पातं कैरी-लिंबाला लागलं की काळं पडतं आणि फोडीला लोखंडाची चव येते.

खिशात काही जड नकोच असेल तर व्हिक्टोरिनॉक्सचाच ५८ मिलिमीटरचा क्लासिक एसडी आहे. वजन वीस-बावीस ग्रॅम, किल्ल्यांना लटकवा. पातं बोटाच्या दोन पेरांएवढं, पण त्याची कात्री इतकी उपयोगी की दुधाची पिशवी, शर्टचा धागा, औषधाची पट्टी सगळं तीच करते. पेरू मात्र विसरा.

काय करू नये तेही सांगतो, कारण कोल्हापुरी घरात हा मोह होणारच: घडीच्या चाकूने गुळाची ढेप फोडायला जाऊ नका. टोक मोडतं, आणि न मोडलं तर गूळ सांध्यात शिरून पातं चिकटून बसतं. तसं झालंच तर कोमट पाण्यात दहा-बारा वेळा उघड-मीट करा, पुरतं वाळवा, सांध्यात थेंबभर तेल सोडा. शेंगतेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चांगलं, पोटात गेलं तरी चालणारं. घरात विळी आहे, उसाला कोयता आहे, चाकूला त्यांची कामं सांगू नका. प्लास्टिकच्या केबल टायलाही कात्री लावा, चाकू त्यावरून सटकन निसटून दुसऱ्या हाताच्या तळव्यात येतो.

धार लावायला गल्लीत येणाऱ्या चाकवाल्याकडे देऊ नका. विळीसाठी तो उत्तम, पण पातळ पातं कोरड्या चाकावर क्षणात तापतं, धारेला निळसर झाक आली की तिथलं पाणी उतरलं समजा. हार्डवेअरच्या दुकानातून दोन बाजूंचा दगड आणा, पाण्याने ओला करा, पातं दगडाशी पंधरा ते वीस अंशांत धरून दोन्ही बाजू सारख्याच वेळा ओढा. कोन सुरुवातीला पक्का राहत नाही, तरी धार येते. अधूनमधून नुसती उजळायची असेल तर चहाच्या कपाच्या बुडाची खडबडीत कडही चालते. शेवटचा हात चामड्यावर, आणि इथे आपण नशीबवान आहोत. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, आणि धारेला हेच झाडपाल्यात कमावलेलं चामडं मानवतं. चप्पल बनवणाऱ्या कारागिराकडे एक कातरण मागा, लाकडी फळीला चिकटवा, आणि पातं पाठीच्या दिशेने ओढा. धारेच्या दिशेने ओढलंत तर चामडंच कापाल.

घेताना पाती उघडून आडवी हलवून बघा, लटपटता कामा नयेत. मिटताना स्प्रिंगचा ठसठशीत आवाज यावा. नकली माल भरपूर आहे, त्यामुळे मोठ्या पात्याच्या बुडाशी व्हिक्टोरिनॉक्स आणि स्विस मेड अशी कोरलेली अक्षरं आहेत का ते बघा. रस्त्यावर पाचशेला "ओरिजिनल" मिळतो तो सोडून द्या.

राहिला कायदा. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाची अवजारं वगळली आहेत. तुमचा चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. पण आपल्याकडे खरा मुद्दा दुसरा असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, आंदोलनं अशा काळात बंदी आदेश निघतो, आणि त्या कलमात तलवारी-भाल्यांबरोबर चाकू आणि काठ्याही आहेत. लांबीची सूट त्यात दिलेली नाही. पेपरात तशी बातमी दिसली की चाकू ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून घरी जा. एरवीही तो बॅगेत राहू दे, कमरेला लावून मिरवू नका. कुणी विचारलंच तर खरं ते सांगा, खोकी फोडतो, फळं कापतो. "सेल्फ डिफेन्ससाठी" हे शब्द चेष्टेतही काढू नका, कारण त्या वाक्याने तुमचं अवजार हत्यार होतं.

उजळाईवाडीहून विमानाने जाणार असाल तर केबिन बॅगेत क्लासिकसुद्धा चालत नाही, सिक्युरिटीला काढून घेतात. चेक-इनच्या सामानात टाका, आणि तेवढं सामान नसेल तर घरीच ठेवून जा.