अल महाला पहिल्यांदा जाताय?
ताई, दुबईजवळच्या अल महा या वाळवंटातल्या रिसॉर्टला जायचं तर नोव्हेंबर ते मार्चमध्येच जा. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. एकच रात्र मुक्काम असेल तर खोलीत झोपून वेळ घालवू नका हो! दारापुढच्या खासगी पोहण्याच्या तलावावर हरणासारखे दिसणारे अरबी ओरिक्स पाणी प्यायला येतात. हा प्राणी १९७२ च्या सुमारास रानातून पार नाहीसा झाला होता, बंदिवासात वाढवून पुन्हा वाळवंटात सोडलाय. तो दहा पावलांवर उभा राहिला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. त्याला खाऊ मात्र घालू नका, जवळही जाऊ नका. शिंगं भाल्यासारखी असतात. गाडीच्या फेरीपेक्षा पहाटे गाईडबरोबर पायी फिरा, रात्रीचे ठसे वाळूवर तेव्हाच ताजे दिसतात. जानेवारीत स्वेटर हवाच.