डाउनटाउनमध्ये मायनर लीग बेसबॉलचं नवं स्टेडियम होतंय. त्याने भाग खरंच सुधारतो का? शेजारी काँडो घ्यावा का?

हा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलो. तुम्ही म्हणता, तुमच्या गावात सिटी स्वतः पैसे घालून डाउनटाउनला स्टेडियम बांधतेय आणि एजंट मागे लागलाय की शेजारचा काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, आत्ताच बुक करा, दोन वर्षांत हा भाग ओळखूसुद्धा येणार नाही. हेच वाक्य मी 2014 च्या जूनमध्ये माझ्याच घरात, पिठलं-भाकरीच्या ताटावर ऐकलंय. म्हणणारे माझे साडू होते.

आम्ही तेव्हा कनेटिकटमध्ये न्यू ब्रिटनला राहायचो. नोकरी हार्टफर्डला, एका विमा कंपनीच्या आयटीत. या भागात आलेल्या बऱ्याच मराठी माणसांचं हेच असतं. न्यू ब्रिटन हे जुनं कारखान्यांचं गाव, हत्यारं आणि कडी-कोयंडे बनवणारं. बहुतेक कारखाने गेले. पण विलो ब्रूक पार्कात डबल-ए बेसबॉल होतं, म्हणजे मायनर लीगची वरून दुसरी पायरी. टीमचं नाव रॉक कॅट्स, वरच्या मेजर लीगमधल्या मिनेसोटा ट्विन्सच्या हाताखालची. आमच्या घरापासून गाडीने पाच मिनिटं.

2013 च्या उन्हाळ्यात माझे वडील कोल्हापूरहून आले होते. आम्ही त्यांना आबा म्हणतो. इथे त्यांचा जीव रमत नव्हता. रस्त्यावर माणूस दिसत नाही, बोलायला कुणी नाही, टीव्ही कळत नाही. एका संध्याकाळी मुलाबरोबर त्यांनाही मॅचला नेलं. डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याच्या खिशात खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. तिसऱ्या बेसच्या बाजूला बसलो. पहिली दोन इनिंग मी त्यांना नियम सांगत होतो. तिसऱ्या इनिंगपासून ते शेजारच्या म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थांशी बोलायला लागले. आबांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी यायचा प्रश्नच नाही. त्या गृहस्थांच्या मांडीवर पुठ्ठ्याचं स्कोअरकार्ड होतं, पेन्सिलीने ते त्यातले बारीक चौकोन भरत होते. आबांनी पुडी पुढे केली. त्यांनी दाणे घेतले आणि पेन्सिल आबांच्या हातात दिली. कुठल्या चौकोनात तिरकी रेघ मारायची ते बोटाने दाखवलं.

ट्विन्सचा होतकरू फटकेबाज मिगेल सानो त्या उन्हाळ्यात तिथेच खेळत होता. त्याने मारलेला एक चेंडू डावीकडच्या कुंपणावरून पार गेला, तसे आबा ताडकन उठून उभे राहिले आणि खासबागेत कुस्ती निकाली झाल्यावर ओरडायचे तसे ओरडले. पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली आणि मग तीही ओरडली. त्या सुट्टीत आम्ही अकरा मॅच बघितल्या. ते स्कोअरकार्ड आबा कोल्हापूरला घेऊन गेले. आजही त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, आबांच्या थरथरत्या हाताच्या रेघांसकट.

पुढच्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झालं की टीम हार्टफर्डला जाणार. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर. हार्टफर्डने डाउनटाउनच्या उत्तरेला, आय-84 हायवेच्या पलीकडे, नवं स्टेडियम बांधून द्यायचं कबूल केलं होतं. आकडा सुरुवातीला 6 कोटी डॉलरचा. मी आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "खासबाग उचलून कुणी सांगलीला नेली तर चालंल व्हय रं?" मी म्हटलं, मैदान इथेच राहणार आबा, फक्त टीम जाणार. "मग मोकळ्या मैदानाचं काय करायचं?"

साडूंचं म्हणणं अगदी वेगळं होतं. ते वेस्ट हार्टफर्डला राहायचे. पाच वाजता ऑफिसं सुटली की हार्टफर्डचं डाउनटाउन ओस पडतं, हे त्यांचं दुखणं, आणि ते खरंच होतं. रोज रात्री सहा हजार माणसं येतील, हॉटेलं चालतील, रिकाम्या पार्किंग लॉटवर फ्लॅट उभे राहतील. मूळ आराखड्यात सुपरमार्केटसुद्धा होतं. मी म्हटलं, न्यू ब्रिटनला मॅच बघणारी माणसंच तिकडे जाणार, राज्यात नवीन एक डॉलर कुठून आला? ते म्हणाले, "तुम्हाला न्यू ब्रिटनचा पुळका आहे म्हणून असं बोलताय." ते मला लागलं. 2015 च्या फेब्रुवारीत भूमिपूजन झालं आणि साडूंनी डाउनटाउनमध्ये काँडो घेतला. अर्धे पैसे मी घालावेत अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हटलं. त्यानंतर दोन दिवाळ्या आमच्याकडे फराळाला त्यांच्या घरून कुणी आलं नाही.

स्टेडियम 2016 च्या एप्रिलमध्ये उघडायचं होतं. टीमचं नाव बदलून यार्ड गोट्स झालं होतं (रेल्वे यार्डात डबे ढकलणाऱ्या इंजिनाला तिकडे तसं म्हणत), शर्ट-टोप्या दुकानात आल्या होत्या. एप्रिल गेला, मे गेला. जूनमध्ये सिटीने बिल्डरला काढलं आणि काम ठप्प. मी जेवणाच्या सुट्टीत पुलावरून चालत जायचो. तारेचं कुंपण, आत अर्धवट स्टेडियम आणि आत-बाहेर कुणीही नाही. टीमने तो अख्खा सीझन दुसऱ्यांच्या गावात काढला, घरच्या म्हणायच्या काही मॅच कनेटिकटमधल्याच नॉर्विचला झाल्या. ज्यांनी त्या उन्हाळ्याच्या भरवशावर आजूबाजूला काही सुरू केलं असेल त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून पोटात कालवायचं.

शेवटी 13 एप्रिल 2017 ला पहिली मॅच झाली. खर्च 7 कोटींच्या वर गेला होता. आणि तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो, स्टेडियम सुंदर आहे. पहिल्याच वर्षी गर्दी झाली, आजही होते, मी स्वतः मुलाला घेऊन जातो. 2019 पासून तिथे शेंगदाण्यांना बंदी आहे, अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी. माझ्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा मॅचला आला. निर्णय चांगलाच आहे, फक्त आबांना तो कसा सांगायचा हे मला अजून कळलेलं नाही.

पण तुम्ही विचारताय भाग सुधारतो का. तर स्टेडियमकडे बघू नका, त्याच्या भोवतीच्या लॉटकडे बघा. काढून टाकलेला बिल्डर आणि सिटी यांची भांडणं कोर्टात गेली, त्यात जमिनी अडकल्या. 2017 पासून टीम खेळत होती आणि पुढची काही वर्षं भोवती नुसतं डांबर. फ्लॅटची पहिली मोठी इमारत, 270 घरांची, लोकांना राहायला मिळाली 2022 मध्ये, म्हणजे घोषणेनंतर आठ वर्षांनी, तीही दुसऱ्याच बिल्डरने बांधली. मूळ आराखड्यातलं सुपरमार्केट स्टेडियमबरोबर आलंच नाही. शहराच्या उत्तरेकडच्या नॉर्थ एंड वस्तीतल्या लोकांना त्याची गरज स्टेडियमपेक्षा कितीतरी जास्त होती, आणि ही गोष्ट मला अजून टोचते.

हिशोब साधा आहे. डबल-ए टीमच्या घरच्या मॅच वर्षाला 69, त्यासुद्धा एप्रिल ते सप्टेंबर. उरलेले जवळजवळ तीनशे दिवस गेटला कुलूप. आलेला माणूस आत खातो, आत पितो, पार्किंगमधून गाडी काढून हायवेला लागतो. घरटी करमणुकीचे पैसे ठरलेले असतात. मॅचला गेले की सिनेमाला किंवा हॉटेलला जात नाहीत. स्टेडियमवर सरकारी पैसा घालून गावाची भरभराट होत नाही, यावर अर्थतज्ज्ञांचं जेवढं एकमत आहे तेवढं फार थोड्या गोष्टींवर असेल. टीम देते ते भाडं बाँडच्या, म्हणजे स्टेडियमसाठी सिटीने काढलेल्या कर्जाच्या हप्त्यापुढे फारच थोडं असतं, बाकीचं टॅक्स भरणाऱ्याच्या डोक्यावर. 2017 मध्ये हार्टफर्ड दिवाळखोरीच्या दारात होतं. 2018 मध्ये राज्याने शहराचं सुमारे 55 कोटी डॉलरचं कर्ज फेडायचं अंगावर घेतलं. त्याला स्टेडियम कारण नव्हतं हे कबूल. शहरातल्या निम्म्या मालमत्तेवर टॅक्सच लागत नाही, सरकारी कचेऱ्या, हॉस्पिटलं, कॉलेजं. पण अशा शहराने आधी स्टेडियमला हात घालावा का?

साडू नेहमी डरहॅमचं उदाहरण देतात. नॉर्थ कॅरोलायनात डरहॅम बुल्सचं स्टेडियम 1995 ला झालं आणि समोरचा बंद पडलेला सिगारेटचा कारखाना ऑफिसं-हॉटेलांनी गजबजला. खरं आहे. पण तो कारखाना उघडला 2004 मध्ये, नऊ वर्षांनी. शिवाय टीम आणि कारखाना दोन्ही एकाच स्थानिक कंपनीच्या मालकीचे, आणि ड्यूक विद्यापीठाने तिथे जागा भाड्याने घेतली. मालक गावचा, पैसा त्याचाही अडकलेला, रोज ऑफिसला येणारं गिऱ्हाईक ठरलेलं. हे सगळं जिथे असेल तिथे स्टेडियम कामाला येतं. साडूंना मी हे 2015 लाही सांगितलं होतं. कोविडमध्ये भाडेकरू मिळेना म्हणून त्यांनी काँडो विकला, आणि अजूनही म्हणतात की काम वेळेत झालं असतं तर चित्र वेगळं असतं. असेलही. पण उशीर होऊ शकतो हे धरूनच पैसे घालायचे असतात.

अजून एक. 2020 नंतर मेजर लीगने मायनर लीगचा कारभार हातात घेतला, टीम 160 वरून 120 केल्या आणि ड्रेसिंग रूमपासून दिव्यांपर्यंत नवे नियम लावले. स्टेडियम सुधारा नाहीतर टीम जाईल, ही भीती आता प्रत्येक गावाला आहे. 2016 मध्ये यार्ड गोट्सना आसरा देणाऱ्या नॉर्विचची स्वतःची टीम त्यातच गेली. त्यानंतर तिथे उन्हाळ्यात कॉलेजची मुलं खेळायला लागली, न्यू ब्रिटनलाही तसंच. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटची टीम 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला गेली, तिथलं स्टेडियम 15 कोटी डॉलरच्या वरचं.

मी काही गुंतवणूक सल्लागार नाही आणि तुमचं गाव मी बघितलेलं नाही. राहायलाच घर हवं असेल, मॅचचा आवाज आणि दिवे चालणार असतील, तर घ्या, खेळ जवळ असणं ही मोठी गोष्ट आहे. भाव वाढेल म्हणून घेत असाल तर थांबा. भोवतीच्या लॉटवर कुणी सही केलीय का, की नकाशावर नुसतं 'प्रस्तावित' लिहिलंय, ते सिटीच्या कागदांत बघा. खर्च वाढला तर कोण भरणार, टीमचा करार किती वर्षांचा, तेही त्यातच असतं. जानेवारीत एखाद्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता तिथे चालून या.

आणि तुमच्याकडे येणारी टीम कुठल्या गावातून येतेय, तेही लिहा. प्रश्नात ते कुठेच नाहीये.